कष्टाचा घाम आणि खेळाचा घाम

निवासी शाळेच्या पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी, कधी संकोचाने तर कधी स्पष्टपणे, विचारला जातो. "सर, पोराले इथं शिकाले ठेवलं, खेळाचंच होतं तं गावात जागा काय कमी होती?" हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे, असे समजून त्याची बोळवण करणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या तळहातांवरील घट्टे पाहिले म्हणजे त्यामागचा इतिहास कळतो. कापूस वेचणे, सोयाबीन सवंगणे, वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहणे, धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणे, हे ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आले, त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचा पहिला अर्थ 'अंगमेहनतीतून सुटका' असाच आहे. आपल्या लेकरांनी सावलीत बसावे, पंख्याखाली बसावे, खुर्चीवर बसावे, यासाठी त्यांनी त्यांना दूर ठेवले आहे. अशा घरातील मुलाला आम्ही पुन्हा उन्हात पळवतो, हे त्यांना खटकले तर नवल नाही.

म्हणून शरीराच्या हालचालीचे फायदे सांगण्याआधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घाम आणि घाम यांत फरक आहे. व्यायामाचे गोडवे गाणारे बहुतेक लेख हा फरक लक्षात घेत नाहीत. 'आमच्या आजोबांनी कधी व्यायाम केला नाही, शेतात राबले आणि ठणठणीत राहिले' असे म्हणणारे लोकही तो लक्षात घेत नाहीत.

हालचाल आणि आरोग्य यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने प्रथम ठळकपणे दिसला तो कामाच्या ठिकाणीच, हे येथे नमूद करावे लागेल. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. १९५३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक बसवर दोन माणसे असत. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी वरच्या मजल्यावर सतत चढउतार करी. त्याच्या पायांखालून दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या जात. दोघांचा मालक एक, वस्ती एक, पगारात फार अंतर नाही. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले, आणि झालाच तर तो उशिरा व तुलनेने सौम्य स्वरूपात झाला. मुळात स्थूल माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील, अशी शंका घेतली गेली. मॉरिस यांनी ती टाळली नाही. कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशांच्या कमरेची मापे काढून त्यांनी ती तपासली. चालकांच्या विजारी खरोखरच अधिक रुंद निघाल्या. परंतु शरीरयष्टीचा हिशेब धरूनही दोघांमधील फरक पुसला गेला नाही. पुढे पायी वा सायकलवरून पत्रे वाटणारे टपालवाले आणि त्याच खात्यात बसून काम करणारे कारकून यांच्यातही असेच चित्र दिसले. स्वतः मॉरिस नियमाने व्यायाम करीत आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धान्त ठरत नाही, हे त्यांनीच सर्वांआधी सांगितले असते.

मग वीटभट्टीवरचा मजूर सर्वांत निरोगी का नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास बराच काळ जावा लागला. डेन्मार्कमधील कोपनहेगन परिसरात सुमारे १ लाख ४ हजार प्रौढांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून केलेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका तशी हालचाल न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. याउलट, ज्यांच्या कामातच अतिशय जड कष्ट होते त्यांच्यात, बैठ्या कामगारांच्या तुलनेत, तो सुमारे २७ टक्क्यांनी अधिक आढळला. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न इत्यादी बाबी हिशेबात घेतल्यावरही हा कल कायम राहिला. शरीर तेच, स्नायू तेच, हालचालही वरवर तशीच. परिणाम मात्र उलटे!

कारणे समजून घेतली तर यात गूढ असे काही नाही. खेळणारा मुलगा वीस-तीस मिनिटे जोराने धावतो, हृदयाची गती वाढवतो, मग थांबतो, पाणी पितो, सावलीत बसतो. त्या विश्रांतीतच स्नायूंची डागडुजी होते आणि हृदय अधिक सक्षम होते. ओझे वाहणाऱ्या माणसाला हा विसावा मिळत नाही. आठ-दहा तास मध्यम पण अखंड ताण, एकाच सांध्यावर तोच भार, वाकलेली पाठ आणि दिवसभर चढलेला रक्तदाब अशी त्याची स्थिती असते. रात्रीच्या झोपेत भरून निघेल त्यापेक्षा झीज अधिक होते, आणि भरपाईला लागणारे अन्न ताटात असेलच असे नाही. शिवाय काम कधी थांबवायचे, हे तो ठरवीत नाही, मुकादम ठरवतो. आपल्या इच्छेने केलेली हालचाल आणि दुसऱ्याच्या हुकमाने केलेली हालचाल, यांतले अंतर केवळ मनाचे नाही, ते शरीरातही उमटते, असे आम्हांस वाटते.

तेव्हा पालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. कष्टांनी त्यांचे शरीर झिजवले, ही त्यांची अनुभवाची साक्ष आहे आणि विज्ञान तिला दुजोरा देते. पण त्यावरून मुलांनी हालचालच करू नये, असा निष्कर्ष निघत नाही. त्यांना जे कधी मिळाले नाही, ते मुलांना मिळावे, असा निघतो.

मैदानही आपल्याला सहज मिळालेले नाही. पळवणकर बाळू यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील क्रिकेटच्या मैदानावर ते नोकर म्हणून आले. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे ही त्यांची कामे होती. सरावासाठी गोऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातून त्यांनी ११४ बळी घेतले. चांभार समाजातील या खेळाडूला एके काळी त्याच्याच संघातील लोक तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा देत असत. त्याच मैदानावर रूळ ओढणे हे त्यांचे कष्ट होते आणि चेंडू टाकणे ही त्यांची कला होती. तरुण आंबेडकरांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता. आजच्या मुलांना मैदान 'वेळ घालवण्याची जागा' वाटत असेल, तर त्यांना हा वृत्तान्त एकदा सांगावा.

आता शरीरात नेमके काय घडते, ते पाहू. हृदय हा स्नायू आहे आणि सरावाने तो बळकट होतो. नियमित धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे. सकाळी उठल्याबरोबर मनगटावर बोटे ठेवून एक मिनिट नाडी मोजावी, वहीत लिहावी, आणि तीन महिने नेमाने धावल्यावर पुन्हा मोजावी. विज्ञानाच्या तासाला याहून स्वस्त प्रयोग दुसरा नाही.

साखरेचेही असेच आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींत नेण्यासाठी इन्सुलिन लागते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातील साखर आत ओढून घेतात. मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टर चालायला सांगतात ते यासाठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शेतातून खुर्चीकडे गेलेल्या पहिल्या पिढीला हा आजार फार लवकर गाठतो, हे आपण आपल्या नात्यागोत्यांत पाहतच आहोत. खाणे कष्टकऱ्याचे आणि बसणे कारकुनाचे, असा तो मेळ आहे.

हाडांच्या बाबतीत तर शालेय वय निसटले की निसटले. हाडांची बळकटी विशीच्या आसपास कळसाला पोहोचते. पुढचे आयुष्य माणूस त्याच साठ्यावर काढतो. उड्या, धावणे, दोरीउड्या, खो-खोतील झटक्यासरशी वळणे यांनी हाडांना जो धक्का बसतो, त्याला उत्तर म्हणून ती घट्ट होतात. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. एकाच माणसाच्या दोन हातांतला हा फरक याचा पुरावाच होय.

मनाचा विचार मात्र आम्ही सविस्तर करू इच्छितो, कारण निवासी शाळेत शरीराच्या आजारापेक्षा मनाचे दुखणे अधिक वेळा दाराशी येते आणि कमी वेळा ओळखले जाते. पाचवीतले मूल आईपासून प्रथमच दूर आलेले असते. रात्री ते रडत नाही. त्याचे पोट दुखते. दहावीतली मुलगी 'डोके दुखते' म्हणते, तेव्हा ते दुखणे कधी डोक्याचे असते, कधी परीक्षेच्या भीतीचे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याने आजारी असलेल्या पन्नाशीपुढील १५६ जणांचे तीन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. औषधाचा गुण सुरुवातीस लवकर आला, हे खरे. परंतु पुढील सहा महिन्यांत आजार उलटण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत कमी राहिले. याचा अर्थ कुणी चालू औषध आपल्या मनाने बंद करावे, असा मुळीच नाही. मानसोपचारतज्ज्ञांचे औषध आणि मैदान यांत वैर नाही. ज्या खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ शंभर किलोमीटरच्या आत नाही, तेथे मैदान निदान जवळ आहे, एवढेच आम्हांस म्हणायचे आहे.

स्मरणशक्तीविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याचे काम करतो आणि म्हातारपणी तो हळूहळू आक्रसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस झपझप चालावयास लावले आणि उरलेल्यांना केवळ अंग ताणण्याचे प्रकार दिले. चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गटाचा घटला. मुलांच्या बाबतीत इलिनॉय विद्यापीठातील २००९ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नऊ-दहा वर्षांची मुले वीस मिनिटे चालून आल्यावर लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत आणि वाचलेले समजण्यात नुसत्या बसलेल्या दिवसापेक्षा सरस ठरली. त्या प्रयोगात मुले अवघी वीस होती. तेवढ्यावर शाळेचे वेळापत्रक बदलावे, असे कुणी म्हणणार नाही. परंतु २०१० साली अमेरिकेच्या आरोग्य विभागाने अशा ५० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा खेळाला दिलेल्या वेळामुळे गुण घटले असे क्वचितच कोठे आढळले. बहुतेक ठिकाणी एकतर फायदा झाला, नाहीतर काहीच फरक पडला नाही. शेवटचे दोन शब्द पालकांनी पुन्हा वाचावेत. फरक पडला नाही, म्हणजे तासभर कमी बसूनही अभ्यास तेवढाच झाला.

येथे अठरा तासांच्या अभ्यासाचा विषय निघणे अपरिहार्य आहे. एप्रिल महिन्यात गावोगावी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, आमच्या शाळेतही मुले मोठ्या निष्ठेने बसतात, आणि त्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. बाबासाहेबांनी विश्रांती घेतली नाही, कारण त्यांच्यासमोरच्या कामाला दुसरा माणूस नव्हता. त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांना जर्जर केले होते, आणि तशा अवस्थेत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी सिद्धीस नेला. त्यांचे ते ऋण मानणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षातून एक दिवस अठरा तास बसावे. उरलेले दिवस मात्र अधूनमधून उठावे.

बसणे आणि चालणे यांचा मेळ बौद्ध परंपरेस नवा नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. वैशालीत उपासकांकडून मिष्टान्नाची भोजने एकामागून एक होऊ लागली आणि भिक्षू जड होऊन आजारी पडू लागले. काही कामानिमित्त तेथे आलेल्या जीवक वैद्यांनी ते पाहिले आणि भिक्षूंना चंक्रमणाची, म्हणजे येरझाऱ्या घालण्याच्या जागेची, तसेच उष्ण स्नानगृहाची परवानगी द्यावी, अशी विनंती भगवंतांना केली. ती मान्य झाली. पुढचा तपशील आम्हांस विशेष आवडतो. चंक्रमणाची जमीन खडबडीत होती, भिक्षूंचे पाय दुखू लागले. तेव्हा ती सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. ती सखल होती, पाणी साचे. तेव्हा जोते उंच करण्याची मिळाली. त्यावरून कुणी पडू लागले, तेव्हा कठडा आला. ऊन-थंडीचा त्रास झाला, तेव्हा छप्पर आले. चाला, असा उपदेश करून कुणी थांबले नाही. चालण्याची जागा नीट केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, परिश्रम करण्याची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचवा लाभ आनापान शिकवणाऱ्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावा. सकाळी डोळे मिटून बसलेले मूल चुळबुळ करते, तेव्हा त्याला दटावण्याऐवजी आधी मैदानाला दोन फेऱ्या मारून येऊ द्यावे.

फेऱ्यांवरून आठवले. उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या, गृहपाठ नाही की पन्नास उठाबशा, ही प्रथा अनेक शाळांत अजून चालते. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली, हे एक कारण झालेच. दुसरे कारण असे की, धावणे म्हणजे शिक्षा, हे एकदा मुलाच्या मनात बसले की ते मोठेपणी कधी आपणहून धावत नाही. वेठीचा घाम आम्ही घरातून काढला आणि शाळेत आणून बसवला, असे होता कामा नये.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. आठवीपर्यंत लंगडी आणि कबड्डी गाजवणाऱ्या मुली नववीत मैदानाच्या कडेला उभ्या दिसतात. कुणी त्यांना मनाई केलेली नसते; ओढणी, मासिक पाळी, मोठ्यांच्या नजरा मिळून ते काम होते. पाळीत खेळू नये, याला वैद्यकीय आधार नाही. झेपेल तेवढे खेळावे, हलक्या हालचालीने अनेकींच्या पोटातील कळा कमीच होतात. मात्र एका फेरीत धाप लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताक्षय आढळला. तिला आधी रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या आणि ताटात हिरवी भाजी, डाळ, गूळ-शेंगदाणे हवेत, शर्यत नंतर.

आपल्या विदर्भात तपासणीचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. 'एसएस पॅटर्न' असलेल्या मुलाला थकवणारी शर्यत, दुपारचे ऊन, थंडीतली भिजलेली अंगे आणि पाण्याची हेळसांड यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याला खेळापासून तोडू नये. चालणे, हलके खेळ, मध्ये मध्ये विसावा आणि भरपूर पाणी, एवढे डॉक्टरांच्या सल्ल्याने सांभाळावे. 'एएस' म्हणजे वाहक असलेली मुले सर्वसाधारणपणे सर्व काही खेळू शकतात, पण उन्हात पाणी न पिता जीव तोडून धावणे त्यांनाही धोक्याचे आहे. प्रत्येकाचा अहवाल क्रीडाशिक्षकांच्या वहीत असावा, वर्गाच्या भिंतीवर नसावा.

किती हालचाल पुरे, याचे माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. त्यांपैकी आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेल आणि स्नायू-हाडे बळकट होतील असे काही असावे. प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे, म्हणजे शिक्षकवर्गही यातून सुटत नाही! जगभरातील ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी चार या मापाला पोहोचत नाहीत. निवासी शाळेला मात्र ही साठ मिनिटे अवघड नाहीत. मुले चोवीस तास आपल्याजवळ आहेत, बस पकडायची नाही, शिकवणीला जायचे नाही. पहाटे वंदनेआधी वीस मिनिटे आणि संध्याकाळी चाळीस मिनिटे, एवढाच हिशेब आहे. खो-खो, कबड्डी, आट्यापाट्या यांना एक पैशाचे साहित्य लागत नाही. पावसाळ्यात सभागृहात लेझीम होऊ शकते. एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळिसावर गेला की सूर्य वर येण्याआधीच मैदान मोकळे करावे आणि पाण्याचा माठ कडेला नव्हे, मधोमध असावा.

आणि दहावीच्या वर्गासाठी ही संध्याकाळची चाळीस मिनिटे जादा तासांना देण्याची जी पद्धत दिवाळीनंतर सर्वत्र सुरू होते, ती निदान आपल्या शाळेत सुरू करू नये, अशी आमची व्यवस्थापनाला आणि पालकांना विनंती आहे.